चांगलं हाड कायले पाह्यजे?

प्रश्न : माझी पुतणी पुण्यात जैवतंत्रज्ञान शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने सांगितलं, की कॅन्सरच्या संशोधनासाठी कुत्र्याच्या हाडातल्या पेशी बाटलीत वाढवतात. आणि त्याही कॅन्सरच्या नव्हे, चांगल्या, निरोगी हाडातल्या. हे काम जास्त अवघड असतं, असंही म्हणाली. वडील ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "बिमार हाड पाहाचं सोडून हे लोकं चांगलं हाड कायले पाहून राह्यले?" पुतणीने समजावलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही. शिवाय माणसाचं सोडून कुत्र्याचं हाड का? त्यासाठी कुत्रा मारतात का? आणि बाटलीत खरंच हाड तयार होतं का?
— एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : वडिलांचा प्रश्न आधी घेतो. तुमचे बाकीचे त्याच्याच पोटात आहेत.

सोयाबीनवर नवं औषध मारून पाहायचं असेल तर जाणता शेतकरी सगळं वावर एकदम फवारत नाही. चार तासं तशीच सोडतो. आठ दिवसांनी अळी कमी दिसली, तर ती औषधाने गेली की मधे पडलेल्या पावसाने, हे त्या सोडलेल्या तासांकडे पाहूनच कळतं. निरोगी हाडाच्या पेशी ही प्रयोगशाळेतली सोडलेली तासं आहेत. तुमच्या वडिलांनी आयुष्यात कधी ना कधी अशी तासं सोडली असणार, म्हणून त्यांना हे पुतणीपेक्षा लवकर पटेल असं वाटतं.

पण नुसत्या उपमेवर सोडत नाही. हाडातच जन्मणाऱ्या कॅन्सरांपैकी सर्वाधिक आढळणारा म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. त्याच्या पेशी बाटलीत वाढवल्या की त्यांच्यात बहुधा अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं विकर भरपूर सापडतं. रक्ततपासणीच्या कागदावर 'एएलपी' म्हणून येतं तेच हे. समजा, आपण फक्त आजारी पेशीच पाहिल्या. लगेच म्हणू, सापडली कॅन्सरची खूण! तुलनेला कातडीच्या पेशी घेतल्या तर ही चूक आणखी पक्की होईल, कारण त्यांच्यात हे विकर फारसं नसतं. मात्र शेजारी निरोगी हाडाच्या पेशींची बाटली ठेवली, की कळतं त्यांच्यातही ते भरपूर आहे. हाड घडवणं हा त्या पेशींचा धंदा आणि हे विकर त्या धंद्यातलं हत्यार. वाढत्या वयाच्या मुलांच्या रक्तात एएलपी मोठ्या माणसांपेक्षा जास्त येतं ते याचमुळे; त्यांची हाडं वाढत असतात. म्हणजे जी खूण कॅन्सरची वाटली ती हाडाची निघाली. कॅन्सरची स्वतःची खूण शोधायची तर हाडाचा स्वभाव वजा करावा लागतो, आणि तो वजा करायला चांगलं हाड हाताशी लागतं.

औषधांच्या बाबतीत हे आणखी उघड आहे. बाटलीतल्या कॅन्सरपेशी मारण्यात काहीच बहादुरी नाही. फिनेलचे दोन थेंब टाकले तरी त्या मरतात. अमुक अर्काने कॅन्सरच्या पेशी नष्ट झाल्या, अशा बातम्या आपण वाचतो तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की त्याच मात्रेत चांगल्या पेशींचं काय झालं? बातमीत ते बहुतेक वेळा नसतं. जे औषध आजारी पेशी मारतं आणि चांगल्यांना बऱ्यापैकी सोडतं तेच पुढे नेण्याजोगं, आणि ते ठरवायला दोन बाटल्या शेजारी शेजारी लागतात.

आता 'अवघड' का, याकडे येऊ. ही गोष्ट पेशी वाढवण्याच्या इतिहासात अगदी ठळकपणे नोंदलेली आहे. १९५१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाचे दोन छोटे तुकडे काढले गेले. एक कॅन्सरच्या गाठीचा, दुसरा जवळच्याच निरोगी भागाचा. तिला कुणी विचारलं नव्हतं. दोन्ही तुकडे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेले. (आडनावाचा उच्चार खरोखरच आपल्या गायीसारखा आहे.) निरोगी पेशी काही दिवसांत मेल्या. कॅन्सरच्या पेशी मात्र दर चोवीस तासांनी दुप्पट होत राहिल्या, आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत होत आहेत. त्यांना 'हेला' म्हणतात. लॅक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. हेला पेशींची कीर्ती सगळीकडे झाली. त्या दुसऱ्या तुकड्याची आठवण क्वचितच कुणी काढतं.

याच गाय यांच्याकडे नंतर पुण्याची एक बाई ऊतीसंवर्धन शिकायला गेली होती, हे मराठी वाचकाला सांगितलंच पाहिजे. डॉ. कमल रणदिवे. माहेरचं आडनाव समर्थ, जन्म १९१७चा, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचे. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. मग मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कॅन्सरकडे वळल्या आणि १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. बाल्टिमोरहून परतल्यावर १९६०च्या दशकात मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली पद्मभूषण मिळालं. आज पुतणीसारख्या मुली ज्या कामाला 'सेल कल्चर' म्हणतात त्याची भारतातली वाट या बाईंनी पाडली. पाठ्यपुस्तकांत हेलाला जागा मिळते, रणदिवेंना मिळत नाही, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

चांगल्या पेशी का टिकत नाहीत? १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवलं, की माणसाच्या निरोगी पेशी बाटलीत साधारण पन्नास वेळा दुभागतात आणि मग थांबतात. कितीही चांगलं खायला घाला, थांबतात. हे त्यांच्यात उपजतच असतं. कॅन्सरची पेशी नेमका हाच लगाम तोडून आलेली असते. विरजणाची उपमा इथे अर्धीच लागू पडते. बाटली भरली की पेशी सोडवून थोड्या नव्या बाटलीत टाकतात, जसं कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात. प्रयोगशाळेत याला 'पॅसेज' म्हणतात. कॅन्सरच्या पेशींचं हे विरजण पिढ्यान्‌पिढ्या चालतं. निरोगी हाडाच्या पेशींचं मात्र दर पॅसेजला थोडं पाणचट होत जातं. आधी त्या हाड घडवायचं विसरतात, मग वाढायचं. म्हणून संशोधक त्या सुरुवातीच्या काही पॅसेजमध्येच वापरून घेतात आणि पुन्हा नव्या हाडापासून सुरुवात करतात.

वाढायलाही त्या नखरेल. एकमेकींना टेकल्या की थांबतात, तर कॅन्सरच्या पेशी एकमेकींच्या अंगावर चढतात. त्यात तणाचा त्रास. हाडाच्या तुकड्याला चिकटून आलेल्या मऊ ऊतीतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी हरळीसारख्या फोफावतात, आणि चार आठवड्यांनी आपण हाडाच्या पेशी म्हणून जे जपलं ते भलतंच निघतं. म्हणून बाटलीवर नाव लिहिलं म्हणजे झालं, असं नसतं. त्या पेशी एएलपी बनवतात का, पहिल्या प्रकारचं कोलॅजन बनवतात का, ऑस्टिओकॅल्सिन हे हाडाचं खास प्रथिन देतात का, हे तपासून मगच त्यांना हाडाच्या पेशी म्हणायचं.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. हाडाचा ताजा तुकडा निर्जंतुक कपाटात स्वच्छ धुतात, मऊ भाग खरवडतात, आणि कटरने त्याचे एक-दोन मिलिमीटरचे बारीक कण करतात. कोलॅजनेज या विकरात ते काही वेळ भिजवले की उरलंसुरलं चिकटलेलं सुटतं. मग कण प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीच्या तळाशी पसरतात, वर गुलाबीसर द्रव ओततात आणि बाटली ३७ अंश सेल्सिअस तापमान व ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या उबवणी पेटीत ठेवतात. कुत्र्याच्या अंगाचं तापमान माणसापेक्षा अंशभर जास्त असतं, तरी पेटी ३७ वरच ठेवतात. पहिले काही दिवस काहीच घडत नाही. बाटली उगाच हलवायची नाही, हीच मोठी साधना. आठवडाभराने सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या कडेने एकेक पेशी बाहेर सरकताना दिसते. तळ भरायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त. मधेच बुरशी आली की सगळं ओतून द्यायचं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या हाडातून पेशी कमी येतात, तरुणाच्या हाडातून बऱ्या येतात.

इथे एक बारकावा आहे, जो कित्येक शोधनिबंधही विसरतात. एका कुत्र्याचं चांगलं हाड म्हणजे 'कुत्र्याचं चांगलं हाड' नव्हे. दोन वर्षांचा लॅब्रेडॉर आणि दहा वर्षांचा ग्रेट डेन यांच्यात आजार नसतानाही पुष्कळ फरक असतो. म्हणून तीन-चार तरी वेगवेगळ्या कुत्र्यांच्या पेशी हव्यात. सर्वांत उत्तम तुलना मात्र एकाच कुत्र्यात मिळते. या कॅन्सरमध्ये बहुधा पाय कापावा लागतो. कापलेल्या पायात एका टोकाला गाठ असते आणि तिच्यापासून लांब निरोगी हाडही असतं. रक्त तेच, वय तेच, आयुष्यभराचं खाणं तेच. फरक उरतो तो फक्त आजाराचा.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येऊन गेलं. कुत्रा मारावा लागत नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं डोकं काढून टाकतात, अपघातात मोडलेलं हाड जोडताना चुरे निघतात. एरवी हे कचऱ्यातच जायचं. दुसऱ्या कारणाने मेलेल्या कुत्र्याचं हाड मालकाच्या संमतीने घेता येतं. आपल्याकडे प्राण्यांवर प्रयोग करायचे तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीची चौकट आहे आणि प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते. पण वाया जाणारा तुकडा वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य आणि पेशी वाढवणारी मुलगी यांची ओळख असणं जास्त गरजेचं, कारण तुकडा काही तासांत बाटलीत पोचावा लागतो.

मग कुत्राच का? माणसांमध्ये ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः दहा ते वीस वर्षांच्या मुलांना होतो, बहुतेकदा गुडघ्याच्या आसपास. खेळताना लागलं असेल म्हणून महिनाभर तेल चोळलं जातं, आणि मग एक्स-रे निघतो. सुदैवाने हा आजार विरळा आहे. पण विरळा असण्याचा तोटा असा, की नवं औषध तपासायला पुरेसे रुग्ण गोळा होता होता वर्षं निघून जातात. उंच, जड जातीच्या कुत्र्यांत हाच आजार कितीतरी जास्त आढळतो. रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, ग्रेहाउंड. एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा हजारांहून अधिक कुत्र्यांना तो होतो. तिथल्या माणसांत हा आकडा हजाराच्या आसपास. पशुवैद्यांचा एक ठोकताळा आहे : पुढच्या पायात कोपरापासून दूर, मागच्या पायात गुडघ्याजवळ. सूक्ष्मदर्शकाखाली मुलाची गाठ आणि कुत्र्याची गाठ ओळखू येऊ नये इतक्या सारख्या दिसतात. दोघांतही तो पुढे फुप्फुसात जातो.

उंदराला कॅन्सर आपण देतो. त्याची प्रतिकारशक्ती काढून घेऊन त्याच्या अंगात पेशी टोचतो. कुत्र्याला तो आपणहून होतो, आपल्याच घरात, आपलीच हवा घेत, आपल्याच ताटातली पोळी खात. शिवाय कुत्र्याचं आयुष्य लहान, आजार वेगवान. नुसता पाय कापला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांत जातात. जोडीला केमोथेरपी दिली तर साधारण दहा-बारा महिने मिळतात. ऐकायला क्रूर वाटतं, पण नवं औषध चाललं की नाही हे वर्ष-दीड वर्षात कळतं, जे मुलांमध्ये कळायला पाच-दहा वर्षं लागतील.

याचा मुलांना झालेला फायदा कागदावरचा नाही. कोलोरॅडोत डॉ. स्टीफन विथ्रो यांनी १९८०च्या दशकात कुत्र्यांचा पाय न कापता फक्त आजारी हाड काढून तिथे दुसरं हाड बसवण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या; तो अनुभव मुलांच्या शल्यविशारदांच्या कामी आला. विस्कॉन्सिनमध्ये ग्रेगरी मॅकएवेन यांनी प्रतिकारशक्ती जागवणारं एक औषध कुत्र्यांवर वापरून पाहिलं. तेच पुढे मिफाम्युर्टाइड नावाने २००९ साली युरोपात मुलांसाठी मान्य झालं, अमेरिकेने मात्र मान्यता दिली नाही. उलट बाजूही सांगतो. बाटलीत आणि उंदरात आशादायक ठरलेलं सिरोलिमस हे औषध तीनशेहून अधिक कुत्र्यांवर नीट तपासलं, आणि २०२१ साली निकाल आला : काही उपयोग नाही. मी याला अपयश म्हणणार नाही. जो खर्च आणि जी वर्षं मुलांवर गेली असती ती वाचली.

कुत्र्याच्या पेशींची तुलना थेट जनुकांपर्यंत नेण्याचा मार्ग मोकळा झाला तो कुत्र्याचा जनुकसंच वाचल्यामुळे. २००५ साली टॅशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तेव्हापासून कॅन्सरपेशीत कुठलं जनुक चढलंय, कुठलं बंद पडलंय हे अक्षरशः वाचता येतं. आणि पुन्हा तेच : चढलंय म्हणजे कशाच्या तुलनेत? वडिलांच्या ओट्यावर परत यावंच लागतं.

शेवटचा प्रश्न, बाटलीत हाड होतं का. तंगडीसारखं हाड होत नाही. पण रिकामंही राहत नाही. हाड घडवणाऱ्या पेशीला ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. शरीरात ती आपल्याभोवती कोलॅजनची जाळी विणते, तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट साठवते, आणि शेवटी अशा पेशींपैकी काही स्वतःच त्या भिंतीत चिणल्या जातात. आपल्या हाडातल्या दहातल्या नऊ पेशी अशा चिणलेल्या असतात. बाटलीतल्या पेशींना 'क' जीवनसत्त्व आणि फॉस्फेट देणारा एक क्षार घातला, की तीन-चार आठवड्यांत तळाला खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कण जमतात. त्यावर अलिझरिन हा रंग ओततात. कॅल्शियम असेल तिथे तो गडद लाल होतो. अलिझरिन मुळात मंजिष्ठेच्या युरोपातल्या भावंडाच्या मुळांतून मिळायचा. आणि अठराव्या शतकात इंग्लंडात लोकांना हे आधीच दिसलं होतं, की ती मुळं खाल्लेल्या डुकरांची हाडं लाल होतात. पेशी वाढवणाऱ्या कुणालाही विचारा, महिनाभर जपलेल्या बाटलीत तो लाल रंग उमटतो त्या दिवशी जेवण गोड लागतं.

उरलेल्या पेशी गोठवून ठेवतात. यासाठी बुलढाण्यात उदाहरण शोधायला नको. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या द्रव नत्राच्या कॅनमध्ये असतात, तसल्याच कॅनमध्ये, उणे १९६ अंशांवर. पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या संशोधकांना पेशींचे नमुने पुरवणारं हे पेशींचं कोठार. तुमच्या जिल्ह्याशी त्याचं जुनं नातं आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवरातल्या सूक्ष्मजीवांवर तिथल्या शास्त्रज्ञांनी काम केलं आहे. कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींचा एक वाण तर १९५८पासून जगभर चालू आहे. एका कॉकर स्पॅनियलच्या मूत्रपिंडातून तो निघाला आणि आज त्यात फ्लूची लसही बनवतात.

जाता जाता. तुमच्या ओळखीत कुणाचा मोठा, जड कुत्रा आठवड्याहून जास्त लंगडत असेल आणि मनगटाच्या वर किंवा गुडघ्याजवळ टणक सूज असेल, तर मुरगळलं म्हणून वाट पाहू नये. एक्स-रे काढावा. जवळ सोय नसेल तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी अजिबात देऊ नये. माणसाला चालते ती मात्रा कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला मारक ठरते.

प्रश्न : पेशी वाढवायला न जन्मलेल्या वासराचं रक्त लागतं, हे खरं का?
— एक वाचिका, शेगाव

उत्तर : खरं आहे. वर ज्या गुलाबीसर द्रवाचा उल्लेख आला त्यात साखर, क्षार, अमिनो आम्लं असतात, पण तेवढ्यावर बहुतेक पेशी वाढत नाहीत. साधारण दहा टक्के गर्भस्थ वासराच्या रक्तातली लस, म्हणजे सीरम, घालावी लागते. वाढणाऱ्या गर्भाच्या रक्तात पेशींना 'वाढा' सांगणारे घटक भरपूर असतात आणि परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रतिपिंडं फार कमी, म्हणून ती चालते. ती येते कत्तलखान्यातून, गाभण निघालेल्या गायींच्या गर्भातून. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथून मुख्यतः. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये त्या बाटलीवर फक्त तीन इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे रोज हाताळणाऱ्यालाही ते आठवत नाही. तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे, पुष्कळ शास्त्रज्ञांनाही खटकतं. रक्तपेढीत मुदत संपलेल्या मानवी प्लेटलेट्सचा अर्क हा एक पर्याय आहे आणि काही पेशींसाठी सीरमविरहित द्रवही निघाले आहेत. हाडाच्या निरोगी पेशी मात्र यातही नखरे करतात.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या कुत्रीच्या मूत्रमार्गाजवळ फुलकोबीसारखी गाठ आली होती, रक्त गळत होतं. डॉक्टरांनी दर आठवड्याला एक इंजेक्शन दिलं आणि गाठ विरघळली. ते औषध सदाफुलीपासून बनतं म्हणे! कॅन्सर असा बरा होतो?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : हा होतो. वर्णनावरून ही मोकाट कुत्र्यांमध्ये सर्रास दिसणारी, समागमातून पसरणारी गाठ असावी. औषध व्हिनक्रिस्टीन. ते खरोखरच अंगणातल्या सदाफुलीतून निघतं आणि मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात. बहुतेक कुत्रे चार-सहा इंजेक्शनांत बरे होतात.

पण या गाठीत जी गंमत आहे ती ऐका. इथे जंतू पसरत नाही, कॅन्सरच्या पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि तिथे रुजतात. हे सिद्ध केलं २००६ साली लंडनमध्ये, क्लॉडिओ मुर्जिया आणि रॉबिन वाइस यांच्या गटाने. त्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या कुत्र्यांच्या गाठी घेतल्या, भारतातल्याही, आणि प्रत्येक गाठीशेजारी त्याच कुत्र्याच्या निरोगी पेशी ठेवल्या. गाठीतला डीएनए त्या कुत्र्याशी जुळेना. उलट देशोदेशीच्या गाठी एकमेकींशी जुळल्या. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एकाच कुत्र्याच्या पेशी आजही अंगाअंगावरून चालत आहेत, आणि तुमच्या गल्लीत विरघळल्या त्या त्याच.

सदाफुलीची पानं वाटून द्यायचा मोह मात्र कुणाला होऊ नये. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टीन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि त्या पानांत इतरही विषं असतात. शुद्ध औषधसुद्धा शिरेतच जावं लागतं. शिरेबाहेर थेंबभर गळलं तरी तिथली कातडी सडते. म्हणून डॉक्टरांनी कुत्रीला धरायला दोन माणसं बोलावली असतील, आणि स्वतः हातमोजे घातले असतील.